एक्कावन्नचे पंधरा

"ताई, काका आज नेहमीगत खेळंनात. जपून."

मांडववाल्यांनी टेबलावरच्या चॅटमध्ये हे लिहिलं तेव्हा माझा डावा हात रेवाच्या पोटावर होता आणि उजव्यात फोन. रेवा नुकती कुठे झोपली होती. पोट वर-खाली होतंय एवढं हाताला कळत राहिलं तरच मला बाकीचं काही सुचायचं. मी अंगठ्यानेच उत्तर टाइप केलं, "काळजी नको. काकांचे पत्ते मला कळतात."

"बरं बाई. निवडुंगापुढं कुणी बोलावं?"

निवडुंग म्हणजे मी. पोकरच्या त्या ॲपवर खरं नाव कोणीच लावत नव्हतं. मांडववाले म्हणजे कोरेगावकडचे एक गृहस्थ. लग्नसराई संपली की खुर्च्या-सतरंज्या गोडाउनात रचून ठेवायचे आणि दुपारभर पोकर खेळायचे. ओळखीशिवाय कोणी घुसू नये म्हणून एक वेगळं टेबल त्यांनीच उघडलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं 'दुपारची पंगत'. आणि काका म्हणजे नुसते काका. ॲपवर त्यांचं नाव होतं 'गर्डर'. पण पहिल्याच दिवशी त्यांनी "माझं वय झालेलं आहे, सांभाळून घ्यावे." असं पूर्णविरामासकट लिहिलं आणि तेव्हापासून ते सगळ्यांचे काका झाले. आणखी एखाद-दुसरा येऊन-जाऊन असायचा. नेमाने बसणारे आम्ही तिघं.

रेवा आता चौथीत आहे. तेव्हा तिला नीट बसताही येत नव्हतं. आम्ही मोशीला राहायचो. शंतनू चाकणच्या कंपनीत, सकाळी गेला की दिवेलागणीला परत. माझी नोकरी बाळंतपणात सुटलेली, संख्याशास्त्राची पदवी कपाटात. सासूबाई मदतीला आल्या होत्या. दुपारी त्या झोपायच्या, रेवा झोपायची, मला मात्र झोप यायची नाही. रेवाच्या नाकाशी बोट धरायचं, श्वास लागला की काढायचं, परत धरायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कशात तरी मन गुंतवा. शंतनूने स्वतःच्या फोनवरचा पोकर शिकवला. तो आठवड्यात कंटाळला. मी गुंतले.

"बाळंतिणीच्या हातात पत्ते शोभतात का गं?" सासूबाई म्हणायच्या.

"आई, रुपया-दोन रुपयांचा खेळ आहे."

"आमच्या भावकीत एक होता. रुपया-दोन रुपयांतच विहीर घालवली त्यानं."

खेळ तसा सोपा. दोन पत्ते आपल्या हातात झाकलेले, पाच पत्ते एकेक करून सगळ्यांसमोर उघडतात, आणि मधे मधे पैसे लावायचे. पत्ते भारी असतील तेव्हा किती लावायचे, हीच काय ती मेख. फार लावले तर समोरचा पळतो, थोडे लावले तर जिंकून हाती काही लागत नाही. मोठ्या टेबलांवर म्हणे याच्यावर लोक रात्री जागवतात. आमच्यासारख्या चिल्लर टेबलावर मात्र पळतंय कोण? चार रुपये घालून बसलेला माणूस 'बघू तरी काय आहे' म्हणून शेवटपर्यंत येतोच. म्हणून भारी पत्ते आले की सढळ हाताने लावावे, लाजू नये. हे मी वाचून शिकले होते. आणि दुसरं शिकले होते ते असं, की शहाणा खेळाडू अधूनमधून आपल्या रकमा बदलत राहतो, म्हणजे समोरच्याला माग लागत नाही.

काकांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. पत्ते हलके असले की ते ॲपमधलं तयार बटण दाबायचे आणि गोल रक्कम जायची. पत्ते भारी असले की मात्र बोटाने आकडा टाइप करायचे. एकवीस, एक्कावन्न, एकशे एक.

"काका, ह्ये एक्कावन्न काय? पन्नास लावा की सरळ," मांडववाल्यांनी एकदा विचारलं होतं.

"शुभ कामात शून्यावर थांबू नये."

"अवो जुगार हाय ह्यो, आहेर न्हाई!"

"चांगले पत्ते आले म्हणजे शुभच की हो."

आपण काय सांगून बसलो हे काकांच्या गावीही नव्हतं. मांडववाले हसले आणि विसरले. मी विसरले नाही. काकांच्या रकमेच्या शेवटी एक दिसला की मी पत्ते टाकून द्यायची, गोल आकडा दिसला की भिडायची. त्यांच्याकडून मी बरेचदा जिंकले. ते प्रत्येक वेळी लिहायचे, "शाब्बास बाळंतीणबाई. लेकरू झोपलं का?"

काका असं बरंच काही लिहायचे. रेल्वेच्या कारखान्यात पुलांचे लोखंडी गर्डर बनवण्यात नोकरी गेली. मूलबाळ नाही. बायकोची एक बाजू लुळी पडलेली, कुशीवरसुद्धा तिला दुसऱ्याने वळवायचं. सगळं तेच करायचे. ज्या दिवशी तिची अंघोळ, त्या दिवशी स्वयंपाक जमायचा नाही. मग जवळच्या गुरुद्वाऱ्यातून लंगरचे दोन डबे आणायचे. "आज नळ येणार, आज मी अर्धा डावच बसेन," असंही कधीतरी लिहायचे. त्यांच्या गावी नळ आठवड्यांनी यायचा.

एकदा मांडववाल्यांनी चेष्टेत विचारलं, "काका, देवाकडं काय मागता? चार एक्के?"

काकांनी लिहिलं, "हिला माझ्या आधी ने, एवढंच मागतो. ऐकणाऱ्याला वाटेल काय दुष्ट माणूस आहे. पण मी आधी गेलो तर हिला पाणी कोण देईल?"

पुढचे पत्ते वाटले गेले.

तर त्या दिवशी.

एरवी काका झटकन खेळायचे. त्या दिवशी प्रत्येक पाळीला घड्याळ संपत आलं तरी थांबून राहत होते. एका डावात समोर राजा उघडला. माझ्याकडे दोन राण्या, मधे पन्नासेक रुपये जमलेले. काकांनी लावले पंधरा.

पंधरा? ना गोल, ना शेवटी एक. मी पैसे भरून पत्ते बघितले. काकांच्या हातात आणखी दोन राजे निघाले. म्हणजे तीन राजे, आणि लावले पंधरा. एरवी एक्कावन्न आले असते.

पुढच्या डावात मधे जेमतेम दहा रुपये होते आणि काकांनी लावले एकशे अकरा. शेवटी एक बघून मी शहाण्यासारखे पत्ते टाकले. मांडववाले हट्टाने आत गेले. काकांकडे नव्वी आणि चव्वी. काहीच नाही.

मांडववाल्यांचा तो इशारा आला तो याच्यानंतर. आणि मी उत्तर दिलं ते मनापासून, कारण मला वाटलं की मला उलगडलं आहे. काका शिकले होते. त्यांचा 'एक' मी ओळखलाय हे त्यांना कळलं होतं. आता भारी पत्त्यांना ते थोडे लावणार आणि हलक्यांना भरमसाट. माझ्याशी खेळून खेळून हा म्हातारा तयार झाला, असं वाटून मला चक्क कौतुक वाटलं.

"वा काका," मी लिहिलं, "चाल बदललीत!"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "हो". पुढे पूर्णविराम नव्हता, बाळंतीणबाई नव्हतं.

मग एका डावात काकांनी सरळ दोनशे लावले. माझ्याकडे दोन जोड्या होत्या. जुन्या हिशेबाने गोल आकडा म्हणजे हलके पत्ते. नव्या हिशेबानेही भरमसाट म्हणजे पोकळच. मी भरले. काकांकडे खरंच काही नव्हतं. दोनशेच्या वर रुपये खणखणत माझ्याकडे सरकले. मी वाट बघितली, 'शाब्बास' येईल म्हणून. आलं नाही.

"काका रुसले वाटतं," मी लिहिलं.

"काका, निवडुंगाला हात लावला की टोचायचंच," मांडववाले.

पुढच्या पाळीला काकांचं घड्याळ पूर्ण संपलं आणि ॲपने त्यांचे पत्ते आपोआप टाकले. त्याच्या पुढच्याही. आमच्या टेबलावर कोणी चहाला उठलं तरी त्याला बाहेर काढायचं नाही अशी सोय मांडववाल्यांनी करून ठेवली होती. त्यामुळे काकांना पत्ते मिळत राहिले, त्यांची पाळी येत राहिली, घड्याळ फिरून संपत राहिलं. प्रत्येक फेरीत ज्याच्या-त्याच्या वाट्याचे रुपया-दोन रुपये सक्तीने मधे जातात, तसे त्यांचेही जात राहिले. ते मी आणि मांडववाले आळीपाळीने उचलत होतो.

"काकू उठल्या असतील," मी लिहिलं.

"काका, या की! चिल्लर संपत आली तुमची."

रेवा चुळबुळायला लागली. मी फोन उशीखाली सारला.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. माझ्या मनात आलं, पैसे गेल्याचं लागलं असेल. मग आलं, पैशाचं त्यांना कधीच लागत नाही. शंतनूला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, नेट गेलं असेल. तू आता टेबलावरच्या म्हाताऱ्यांचेही श्वास मोजणार का?"

सासूबाई ओट्याशी गवार मोडत होत्या. मी रेवाला पायांवर घेऊन बसले होते. बोलायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून मी त्यांनाच सगळं सांगितलं. काकांची एक रुपया वर ठेवायची सवय, माझं त्यावर टपून असणं, आणि काल त्यांनी मला कसं चकवलं ते. पत्त्यांतलं त्यांना किती कळत होतं कोण जाणे, पण ऐकत होत्या.

"एक्कावन्नचे पंधरा केले म्हणतेस?"

"हो ना. भारी पत्त्यांना कमी रक्कम. ती एक चालच असते, आई."

त्यांनी गवार खाली ठेवली. "तुझे सासरे गेले, त्या दिवशी सकाळी त्यांनी शर्टाची बटणं खालची वर, वरची खाली अशी लावली. मी हसले. म्हटलं, आज काय नवी फॅशन? तर म्हणाले, हो. एवढंच. नुसतं हो. जेवायला बसले तर घास तोंडाशी पोचेना." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "बाळा, तो माणूस चाल खेळत नव्हता गं. त्याची बोटं ऐकत नव्हती."

रेवाला त्यांच्या मांडीवर देऊन मी फोन उघडला. मांडववाले टेबलावर एकटेच होते. मी लिहिलं, तुमचा नंबर द्या, आत्ता. त्यांनी दिला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. लिहिण्यापेक्षा पुष्कळ हळू आणि नरम होता.

"काकांचं गाव माहितेय तुम्हाला?"

"न्हाई ओ. विचारलंच न्हाई कधी. का?"

मी सांगितलं.

"तरी मला वाटलं हुतं," ते म्हणाले, "पन मी समजलो दारूबिरू घेतली आसंल." मग एकदम, "ताई, नळ आठवड्यांनी येतोय म्हनायचे न्हवं? आनि पुलाचं गर्डर? आनि गुरुद्वारा?"

"मनमाड," मी म्हटलं. दोघांच्या तोंडून ते एकदमच निघालं.

"थांबा. मांडववाल्याचा मांडववाला असतोय सगळीकडं. मनमाडात युनूसभाई हायेत. एकदा माझं जनरेटर घिऊन गेल्यात ते. लावतो फोन."

मग मी घरभर फिरत राहिले. सासूबाईंनी रेवाला भरवलं, झोपवलं. मला म्हणाल्या, "बस जरा." मी बसले नाही. काकूंचं काय, एवढंच डोक्यात फिरत होतं. काकांच्या हाताला फोन तरी आहे. तिच्या हाताला काय आहे? पाण्याचा तांब्या कुठल्या बाजूला ठेवत असतील? लुळ्या बाजूला की चांगल्या?

युनूसभाईंनी थेट गुरुद्वारा गाठला. दोन डबे नेणारा म्हातारा कोण, एवढंच विचारलं. सेवादार म्हणाला, "दो डिब्बेवाले साहब? कल आने वाले थे। नहीं आए।" पावसाळ्यात एकदा त्याने डबे त्यांच्या घरी पोचवले होते, म्हणून घर माहीत होतं. खाली हार्डवेअरचं दुकान, वर दोन खोल्या. दाराला आतून कडी. आतून कसलातरी बारीक घोगरा आवाज. दुकानदार पहार घेऊन वर आला.

हे सगळं मला मांडववाल्यांनी फोनवर सांगितलं, एकेक करून, मधे मधे थांबत. काका बाहेरच्या खोलीत, खुर्चीच्या पायाशी. गेलेले. फोन पोटाखाली, बॅटरी संपलेली. काकू आतल्या खोलीत, पलंगावर. जिवंत.

"डाक्टर म्हनला..." मांडववाले म्हणाले आणि थांबले.

"काय म्हणाला?"

"लगेच न्हाई गेले म्हनं. बराच वेळ हुते. कालची रात्र बी काढली आसंल." मग म्हणाले, "ताई, तुमी काय मनाला लावून घिऊ नका. टेबल माझं हुतं."

पुढच्या रविवारी मी मनमाडला गेले. शंतनू आधी नको म्हणाला, मग स्वतः सोबत आला. रेवाला सासूबाईंनी ठेवून घेतलं. काकू सरकारी दवाखान्यात होत्या. कोपऱ्यातली खाट, नाकात नळी, केसांची कोणीतरी घट्ट वेणी घातलेली. त्यांच्या बहिणीचा मुलगा नांदगावहून आला होता. किरण नाव. तो स्टुलावरून उठला आणि "या" म्हणाला. त्याला वाटलं आम्ही काकांच्या कारखान्यातल्या कोणाच्या घरचे.

मी काकूंच्या चांगल्या हाताशी बसले. "मी पुण्याची," म्हटलं. "काकांबरोबर..."

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. एका बाजूचं तोंड हललं. "बाळंतीण?"

मी मान हलवली.

"झोपतं का लेकरू आता?"

"हो. झोपतं."

"रोज सांगायचे ते. आज बाळंतिणीनं मला लुटलं. हसायचे." शब्द अडकत अडकत येत होते, एकेकासाठी थांबावं लागत होतं. "लुटू दे, म्हणायचे. तेवढीच ती खूश होते. घाबरट आहे फार पोरगी."

शंतनूने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो सरकवला.

"काकू, त्या दिवशी तुम्हाला काही कळलं का? पडले तेव्हा?"

"कळलं. धप्प झालं. मी हाक मारली. ओ आली नाही." त्यांनी श्वास घेतला. "पण फोन वाजत होता ना. टिंग. मग थोडं थांबून परत टिंग. पाळी आली की वाजतो तो. आवाज मुद्दाम ठेवायचे ते, मला कळावं म्हणून, की इथंच बसलोय. म्हटलं, काहीतरी पाडलं असेल. खेळतायत. चार माणसांत बसलेत. कशाला मधेच हाका मारायच्या?"

किरण खिडकीशी गेला.

"मग मी गप्प पडून राहिले. टिंग टिंग चाललेलं, बराच वेळ. मग थांबलं. मग मी ओरडायला लागले." त्यांचा चांगला हात चादरीवर सरकला, माझ्या हातापर्यंत आला. "तोवर खालचं दुकान बंद झालेलं. सकाळी उघडलं तेव्हा माझा घसा बसलेला. दुपारभर माणसं असतात त्या दुकानात. हाक मारली असती तर वर आली असती."

त्यांनी मला काही विचारलं नाही. तुम्ही तिकडे बसून काय करत होतात, हे विचारलं नाही. मी त्यांच्या उशाशी ठेवलेल्या भांड्यातून चमच्याने पाणी पाजलं. पाणी एका बाजूने गळत होतं. ते पुसायला तिथे काही नव्हतं, ओढणीने पुसलं.

मांडववाल्यांनी 'दुपारची पंगत' त्याच आठवड्यात बंद केली. पुढे पैशाचे खेळच बंद झाले आणि ते ॲपही गेलं. काकांचं खरं नाव दत्तात्रय खैरनार होतं. ते मला दवाखान्यातल्या कागदावरून कळलं.

काकूंना किरणने नांदगावला नेलं. माझ्याकडे आणू का, म्हणून मी शंतनूशी भांडले, सासूबाईंनाही विचारलं. शेवटी काकूच म्हणाल्या, नको, बहिणीचं घर आहे. तेव्हापासून दर गुरुवारी मी फोन करते. किरण फोन त्यांच्या कानाशी धरायचा. फार बोलणं व्हायचं नाही. लेकरू काय म्हणतं, शाळेत रडतं का, इतकंच. पण आवाज यायचा. कधी नुसता श्वास यायचा, तोही मला पुरायचा.

दिवाळीपासून आवाज आलेला नाही. किरण फोन उचलतो, नीट बोलतो. "मावशी झोपलीय," म्हणतो. सकाळी केला तरी झोपलेली, संध्याकाळी केला तरी झोपलेली. एकदा म्हटलं, झोपलेली असू दे, व्हिडिओवर नुसती दाखव. तर नेट नाही म्हणाला. त्याच्यावर संशय घ्यावा असं त्याने आजवर काही केलेलं नाही. इतकी वर्षं त्याने केलं, दुसऱ्या कोणी केलं नसतं. कदाचित त्या खरंच झोपत असतील. औषधांनी झोप वाढते.

पण आम्ही आता तिकडे तमिळनाडूत, होसूरला असतो. धाकट्याला अजून महिनासुद्धा झालेला नाही, मला इतक्यात प्रवास नाही. शंतनूला सुट्टी नाही. मांडववाल्यांचा गुडघा बदललाय, आणि युनूसभाई मुलाकडे गेले ते परतले नाहीत. माझ्या ओळखीचं तिकडे दुसरं कोणी उरलेलं नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी नांदगावचं असेल, किंवा त्या बाजूला जाणार असेल, तर एवढं करा. स्टेशनच्या मागच्या अंगाला रंगाचं एक दुकान आहे, त्याच्या वर किरणचं घर. वर जा. प्रमिला खैरनार म्हणून विचारा. कोण तुम्ही, असं विचारलं तर सांगा, बाळंतिणीनं पाठवलंय. झोपल्यात म्हणाला तर बसून राहा, चहा मागा, पाणी मागा, काहीही करा. त्यांचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय तिथून उठू नका.